निशाणी नांगराची, अक्षर कोणाचे?

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा हा मुलूख भीमथडी तालुक्यात मोडे. आसपासच्या गावांतले कुणबी बाजाराला आलेले होते. त्या दिवशी हा जमाव गुजर सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. काही दुकाने लुटली गेली, पण जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद. खते, रोखे, वह्या, हुकूमनामे जे हाती लागेल ते बाहेर काढले आणि पेटवून दिले. पुढच्या काही दिवसांत हे लोण भीमथडीतून इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेलीपर्यंत आणि तिकडे नगर जिल्ह्यातही गेले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना पकडले, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. चौकशीला बसलेल्या आयोगाने नोंदवून ठेवले की सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात आणि सारा, कापूस, व्याज या वाटेने त्याची कारणे सांगतात. ती खरीच आहेत. मला मात्र या प्रसंगात दुसरेच कुतूहल आहे. जाळणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते कागद वाचता येत नव्हते. आपल्या नावाचे खत कोणते, शेजाऱ्याचे कोणते आणि सावकाराच्या मुलीच्या लग्नाची याद कोणती, हे त्यांना कसे कळले असेल? माझा तर्क असा की कळले नाही आणि कळण्याची गरजही नव्हती. वाचता न येणाऱ्याला सगळेच कागद सारखे. म्हणून सगळेच जाळायचे.

त्या खतांचा नमुना डोळ्यांपुढे आणला तर हा राग नीट समजतो. कागदावर आधी डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढायची आणि मग त्या रेघेला अक्षरे टांगत जायची, ही मोडीची रीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, वेलांटी सगळी दीर्घ, उकार सगळे ऱ्हस्व. बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचे. मजकूर संपला की खाली साक्षी. लिहिता येणारा सही करी, न येणारा निशाणी. निशाणी म्हणजे आंगठा नव्हे, ती चाल नंतरची. कुणब्याची निशाणी नांगर. बलुतेदारांनाही आपापल्या धंद्याचे हत्यार निशाणी म्हणून काढण्याची रीत होती. जुन्या वतनाच्या महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, अशी चित्रे ओळीने दिसतात आणि कागदावर अख्खा गाव उभा असल्यासारखा वाटतो. नांगराच्या शेजारी दुसऱ्याच कोणीतरी ‘निशाणी नांगराची’ असे लिहून त्या कुणब्याचे नाव घातलेले असते. आणि सगळ्यात शेवटी एक शब्द येतो : बिकलम. म्हणजे हा कागद अमक्याच्या कलमाने लिहिला गेला.

नांगर काढणाऱ्याला त्या कागदात स्वतःचे एवढे चित्रच ओळखता येई. रक्कम किती, व्याज काय, जमीन कोणती, हे सारे बिकलमवाल्याच्या हाती. तो कधी सावकार स्वतः असे, कधी त्याचा गुमास्ता, कधी गावचा कुलकर्णी. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर फिर्याद करायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोचे भले करण्याचा होता. झाले असे की तीन वर्षे भरत आली की सावकार जुने व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करून घेई. नवा कागद, नवा नांगर. जुने खत परत मिळाले की नाही, फाडले की नाही, हे पाहणार कोण? दिले पन्नास आणि लिहिले शंभर, अशा तक्रारी आयोगापुढे पुष्कळ आल्या. शेतकऱ्याला अक्षरओळख नाही म्हणून लेखणीवाले त्याला कसे नागवतात, हे जोतीराव फुल्यांनी याच सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये तपशिलाने लिहिले आहे.

अक्षरावरून कागद ओळखण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. भरपूर होती, पण ती दप्तरांत होती, शिवारात नव्हती.

मराठीत ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही लागतो आणि मुलालाही. ज्याच्या हाताखाली कित्ता गिरवला त्याचे वळण हाताला जन्मभर राहते. फडावर बसणारा नवा कारकून जुन्या कारकुनाच्या अक्षरावर अक्षर घाली. त्यामुळे एका कचेरीतून निघालेल्या कागदांत घराण्याच्या नाकासारखे साम्य येई. मोडी वाचणारे जाणकार आजही कागद हाती आल्यावर मजकुराआधी वळण पाहतात. शिवकालीन मोडी पेशवेकालीन मोडीहून निराळी दिसते आणि इंग्रजी अमदानीतली त्या दोन्हींहून निराळी. पेशवाईत तर चिटणीशी, बिळवलकरी, महादजीपंती, रानडी अशी वळणांना नावेच पडली होती. पुढे बोरू जाऊन टाक आला आणि रेषेची जाड-बारीक घडण बदलली. बोरूला तिरका काप असतो, त्यामुळे उभा फराटा जाड आणि कडेचा बारीक उतरतो. लोखंडी टाक ओरखडत जातो. एवढ्यावरूनही कागद कोणत्या शतकातला ते सांगता येते.

वळणाच्या जोडीला इतर खुणा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला तिथे मर्यादेची छोटी मोर्तब असते. मोर्तबेनंतर कोणी ओळ घातली तर ती कागदाबाहेरची. आपण सहज ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो, पण तो शब्द मुळात बनावट रोखण्याची युक्ती आहे. तारखेचेही तसेच. शुहूर (सुहूर) सन अरबी आकड्यांच्या नावांनी लिहीत. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, १०७५. हे साल मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणजे इसवीच्या हिशेबात १६७४च्या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत. नकली कागद करणारा मजकूर बेमालूम जमवतो आणि इथे, एका उपऱ्या अरबी आकड्यात, सापडतो. मोठ्या माणसाच्या पत्रात सगळा मजकूर कारकुनाचा आणि शेवटची आशीर्वादाची किंवा विनंतीची ओळ धन्याच्या हातची, अशीही चाल होती. दोन हातांतला फरक तिथे लख्ख दिसतो.

अक्षराची सगळ्यात प्रसिद्ध मराठी गोष्ट अर्थात ‘ध’ चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. ‘धरावे’ असा हुकूम होता, आनंदीबाईने त्याचे ‘मारावे’ केले, असे आपण शाळेपासून ऐकतो. गोष्ट झकास आहे. पण मोडीत काना अक्षराला जोडूनच वळतो, तो मागाहून बाजूला चिकटवता येत नाही. कान्यासकट ‘मा’ करायचा तर आधीचे अक्षर खरवडावे लागेल आणि खरवडलेला कागद बोलतो. ज्या कागदावर हे घडले म्हणतात तो कोणी दाखवलेला नाही. लोकांनी एका स्त्रीच्या माथी खून मारताना एका अक्षराची साक्ष काढली, यावरून एवढे कळते की मराठी मनाला कागदावरच्या अक्षराचे भय किती होते.

हीच विद्या युरोपात शास्त्र म्हणून कशी उभी राहिली, ते पाहण्यासारखे आहे. तिचा जन्मही बनावट कागदांच्या भांडणातून झाला. १६७५ साली दानिएल पापेब्रोख या जेझुइट पंडिताने पॅरिसजवळच्या सॅं-दनी मठाच्या जुन्या सनदा संशयास्पद ठरवल्या. मठ बेनेडिक्टी पंथाचा, दुखावला गेला. त्या पंथातल्या ज्यां माबियाँ या साधूने उत्तर म्हणून सहा वर्षे खपून १६८१ मध्ये एक ग्रंथच काढला. जुन्या सनदांची अक्षरे, शाई, शिक्के, तारखा, मायने यांवरून खरे-खोटे कसे पारखावे, याचे ते पहिले शास्त्र. पापेब्रोखने वाचले आणि आपली हार मोकळेपणाने कबूल केली. आपल्याकडच्या इतिहाससंशोधकांच्या वादांत अशी कबुली क्वचितच सापडेल.

विसाव्या शतकात ई. ए. लो या विद्वानाने इसवी सन ८०० पूर्वीच्या, जगात उरलेल्या एकूण एक लॅटिन साहित्यिक हस्तलिखितांची यादी करायला घेतली. १९३४ ते १९६६ या काळात अकरा खंड निघाले, पुरवणी त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये. पोथ्या आणि पोथ्यांचे तुकडे मिळून अठराशेहून जास्त. प्रत्येकाचे छायाचित्र आणि शेजारी निवाडा : कोणत्या शतकात लिहिले, कुठे लिहिले. बहुतेक पोथ्यांवर बिकलम नाही. लिहिणाऱ्या साधूने नाव घातलेले नाही, मठाचे नाव तर त्याहून कमी. मग ओळखायचे कसे? लो यांचे गुरू लुडविग ट्राउबे यांनी एक वाट दाखवली होती : शब्द कसा तोडला ते पाहा. चर्मपत्र महाग, म्हणून लेखक नेहमीचे शब्द आखूड करीत. ‘आमचा’ या अर्थाचा ‘नोस्तेर’ हा लॅटिन शब्द स्पेनमधला लेखक स्वर गाळून न-स-र असा लिही. ‘परंतु’ या अर्थाच्या ‘आउतेम’साठी आयरिश हात एकाच अक्षराला आकडा काढून मोकळा होई. पानभर सुरेख अक्षर कोणीही गिरवू शकतो, पण शब्द कुठे तोडायचा ही सवय लहानपणीच्या शाळेतून येते आणि ती लपवता येत नाही.

आपल्या ‘रा॥’, ‘मु॥’, ‘सु॥’ पाहिलेल्याला हे नवे वाटणार नाही. राजश्री, मुक्काम, सुहूर ही लांबण कोण लावणार?

पण एक सावधगिरी हे लॅटिनवाले शिकवतात, तीही मोलाची. इटलीतल्या बोब्बियो इथे ६१४ च्या सुमारास कोलंबानुस या आयरिश साधूने मठ काढला. तिथल्या कित्येक पोथ्या इटलीत लिहिलेल्या, पण हात आयरिश. अक्षर जागा सांगत नाही, शाळा सांगते. लिहिणारा चालत गेला की वळणही त्याच्याबरोबर चालत जाते.

याचा दाखला आपल्याला बारामतीतच आहे. पेशव्यांचे व्याही असलेल्या नाईक जोशी घराण्याने कऱ्हेकाठी इथे बस्तान बसवले. बाळाजी विश्वनाथाची मुलगी भिऊबाई या घरात दिलेली. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत आले. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. मृत्यू १७९४ चा, बारामतीचा. आज ‘बारामतीचे कवी’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांनी कित्ता गिरवला तो कोल्हापूरकडे. निव्वळ अक्षरावरून गाव सांगू पाहणाऱ्याची इथे फसगत व्हायची.

बारामतीत तेव्हा दोन लिप्या शेजारी शेजारी नांदत होत्या. नाईकांच्या सावकारीचा आणि सरदारीचा हिशेब मोडीत, पंतांचे भारत-रामायण बाळबोधीत. पोथी देवघरातली, ती तोडून मोडून लिहायची नाही. शब्दांची ऱ्हस्व-दीर्घेही तिथे पाळायची, कारण पंतांच्या आर्येत मात्रा मोजलेल्या. बारा, अठरा, पुन्हा बारा, अठरा. नकलणाऱ्याने वेलांटी चुकवली की ओळ लंगडते आणि दोनशे वर्षांनीही चूक बोटावर मोजून दाखवता येते. पोथीला असा पहारेकरी छंदातच बसवलेला होता. कर्जाच्या खताला कसला छंद?

इंदापूरची कथा पोथीची नव्हे, हिशेबाच्या कागदाची. कंपनी सरकारने पुणे प्रांत घेतल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ पासून मोजणी करून सारा ठरवला. हिशेब कागदावर शास्त्रशुद्ध होता, पण जमिनीची प्रत ठरवणारे कारकून लाच घेऊन उत्तमाचे कनिष्ठ आणि कनिष्ठाचे उत्तम करीत गेले. दुष्काळी सालांत इंदापुरात लोक गावे टाकून निघून जाऊ लागले. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी याच तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. शेतनंबर, हद्दीचे दगड, जमिनीची प्रत, त्यावरून ठरलेला सारा आणि तो तीस वर्षे कायम. मुंबई इलाख्यातली सर्व्हे पद्धत इथे, इंदापुरात, जन्माला आली. आज सातबारावर जो गट किंवा सर्व्हे नंबर आपण शोधतो त्याचा पणजोबा हा.

अक्षराच्या दृष्टीने मोजणीने एक मोठी गोष्ट केली. रकाने आले. कुलकर्ण्याची मोडी तीच, बोरूही तोच, पण आता लिहायची जागा सरकारने आखून दिलेली. नाव कुठे, क्षेत्र कुठे, आकार कुठे, हे ठरलेले. लिहिणाऱ्याच्या मर्जीला रकान्याने लगाम घातला. पण रकान्याला पैशाची चाड नसते. तीस वर्षे भरल्यावर १८६६-६७ च्या सुमारास इंदापुरात फेरआकारणी झाली आणि ती मोठ्या वाढीची होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी नुकतीच ओसरली होती. सारा रोखीने भरायचा, पीक नाही, भाव नाही, म्हणजे पुन्हा सावकार, पुन्हा खत, पुन्हा नांगर. सुप्याची होळी तिथून आठ वर्षांवर होती.

होळीनंतर सरकारने केलेला कायदा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद वाटतो. १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा लागू झाला. त्याने गावोगाव नोंदणीदार नेमले. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त या नोंदणीदाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवायचा, मग सही-निशाणी घ्यायची. असे झाले नसेल तर तो दस्त कोर्टात पुराव्याला चालायचा नाही. सरकारने व्याजावर बोट ठेवण्याआधी अक्षरावर ठेवले. बिकलम कोणाचा, एवढाच प्रश्न बदलला. सावकाराच्या गुमास्त्याच्या हातातली लेखणी काढून तिसऱ्याच्या हातात दिली. कोर्टांनाही सांगितले की खतावरचा आकडा पाहून थांबू नका, व्यवहार मुळात कुठून सुरू झाला तिथपर्यंत मागे जा. महादेव गोविंद रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायाधीश म्हणून पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरले.

कायद्याने सावकारी संपली नाही. ती वाट काढतेच : कर्जाच्या खताऐवजी खरेदीखत करून घ्यायचे आणि जमीनच गिळायची. पण त्या वर्षांत नांगर काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या खताचा मजकूर कधी नव्हे तो निदान कानाने ऐकला.

मोडी दप्तरांचा शोध तेव्हा सुरू व्हायचा होता. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडी ४५ भागांत छापल्या. राजवाडे गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर, फडताळांत कागद धुंडाळत होते. त्यांना मिळाले ते बहुतेक राजकारणाचे, वतनांचे, सनदांचे. म्हणजे ज्यांना कागद जपून ठेवण्यात फायदा होता त्यांचे. कर्जदाराला जपण्यासारखे काही नव्हते आणि जे होते ते १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीत जळाले. त्या एका पिढीतल्या सुप्याच्या कुणब्यांचे नांगर पाहायला मिळाले असते, तर कोणता नांगर थरथरत्या हाताने काढला आणि कोणता सवयीने, हे तरी सांगता आले असते. हातोटी चित्रातही उतरते.

कुणबी दाखल्यांच्या मागणीवरून सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतल्या कुणबी नोंदी शोधायचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. तहसील कचेऱ्यांतले कागदांचे रुमाल सुटले, जन्म-मृत्यूची रजिस्टरे, शाळेचे दाखले, खासरापत्रके उलगडली गेली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी कधी लिहिले नाही, ती माणसे आता पणजोबाच्या नावापुढे कोण्या अनोळखी कारकुनाने काय लिहून ठेवले आहे, ते ऐकायला बाकावर बसून असतात. वाचणारा भिंगाखाली कागद धरतो, आधी वळण पाहतो, मग साल लावतो, मग रकान्यावर येतो. कारकुनाने जागा वाचवायला शब्द तोडला असेल तर तो नेमका कुठे तोडला, यावर तो थोडा वेळ थांबतो.